ठिबकचा रबर

आबा गेले, त्याच्या आदल्या दिवशी ते गाडीखाली होते. व्हॅनचं ऑइल ते घरीच बदलायचे. त्यासाठी अंगणात त्यांनी कंबरेएवढा चर खणून ठेवला होता. गाडी चरावर आणायची आणि आपण खाली उतरायचं. मी ओट्यावर कॉलेजचे पेपर तपासत होते.

"वृषाली, ये की खाली. बघून ठेव."

"गॅरेजवाले कशाला आहेत मग?"

"गॅरेजवाला असा आवळतो, की पुढच्या येळंला नट त्याच्या बापालाबी निघत न्हाई."

आई घरातून हसली. जळकं ऑइल आबांनी रंगाच्या जुन्या डब्यात ओतलं. टोमॅटोच्या काठ्यांची टोकं त्यात बुडवली की वाळवी लागत नाही, म्हणून आमच्या खोडद गावात ते कोणी फेकत नाही. मग बराच वेळ ते गोठ्यामागे काहीतरी करत होते. हात पुसत आले, चरात उतरून नट लावला, नवं ऑइल भरलं आणि म्हणाले, "उद्या परत एकदा खाली जावं लागंल." का, ते मी विचारलं नाही. पेपरांतून मान वर केली नाही.

सकाळी शेतात काठ्या रोवता रोवता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "काल काही वेगळं वाटलं का? हात कापणं, काही विसरणं?" मी म्हणाले, नाही. ठामपणे म्हणाले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आईचं बीपी खाली येत नव्हतं. तिला मंचरला दाखवायचं ठरलं, म्हणून मी गाडी मागे घेतली. चराच्या तळाशी नव्या ऑइलचा, मधाच्या रंगाचा डाग पसरला होता. वाकून पाहिलं, तर इंजिनाखाली ऑइलच्या चेंबरच्या नटावर एक थेंब जमत होता. जमला, लोंबला, पडला. लगेच दुसरा.

आबांचे धाकटे भाऊ सोमाजीकाका शेजारी येऊन उभे राहिले.

"दादाच्या हातचं कधी गळालं न्हाई," ते म्हणाले. "त्या दिशी त्याला बरं नसणार बघ. अंगावर काढलं त्यानं. आमाला कुनाला कळलं न्हाई."

मी बोटानं तो थेंब पुसला.

"गॅरेजला दे. कळंबच्या पुढं इंजिन जाम झालं, तर वहिनीला घिऊन बसशील हायवेवर."

काकांनी समजुतीनंच सांगितलं होतं. पण डॉक्टरांचा प्रश्न पुन्हा समोर आला. हात कापत होते का? मी समोर बसले होते आणि मला दिसलं नाही, असं झालं होतं का? जे काही निघायचं ते गॅरेजमध्ये चार माणसांपुढे निघायला नको होतं. मी गाडी परत चरावर आणली, आबांचा पाना घेतला आणि खाली उतरले.

स्वच्छ घमेलं खाली धरून नट सैल केला. तो हातानंच फिरला. नट बाहेर आला आणि ऑइल घमेल्यात उतरलं. ऑइल गळू नये म्हणून नटाला असते ती तांब्याची चकती नव्हती. त्या जागी ठिबकच्या नळीला लावतात तो काळा रबर होता, ऑइलनं फुगून एका बाजूला सरकलेला. असे रबर आबांच्या खिशात कायम असत. पाण्याच्या नळीचा रबर इंजिनला! आबांनी ही चूक करणं शक्य नव्हतं. शुद्धीवर असतील तर.

आई ओट्यावरून विचारत होती, "काय गं? त्यांचं काय चुकलं व्हतं का?"

"बघते."

उद्या परत एकदा खाली जावं लागेल. ते असं का म्हणाले असतील? मी वर आले आणि गोठ्यामागे गेले. काठ्या डब्यात तशाच उभ्या होत्या. डब्याशेजारी तारेचा एक तुकडा पडला होता. त्याचं टोक वाकवून आकडा केला होता आणि तो आकड्यापासून वीतभर ऑइलनं काळा होता. मी काठ्या काढल्या आणि डबा हळूहळू लोखंडी पाटीत रिकामा केला. तळाच्या गाळात तांब्याची चकती होती.

ती ऑइलबरोबर डब्यात गेली होती. त्यांनी ती शोधली होती. सापडली नाही, म्हणून एका रात्रीपुरता खिशातला रबर लावला होता. त्यांना सगळं कळत होतं. हात ठीक होते, डोकं ठीक होतं. दुसऱ्या दिवशीचं कामही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

चकती गॅसवर लाल केली आणि पाण्यात टाकली. तापवलेलं तांबं मऊ पडतं आणि घट्ट बसतं, हे त्यांनीच कधीतरी खालून ओरडून सांगितलं होतं. नट आवळला, बेतानंच. ऑइल कापडातून गाळून परत भरलं, कमी पडलं तेवढं नवं घातलं. इंजिन चालू ठेवून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि बघत राहिले. इंजिन तापलं. कागद कोरडाच राहिला.

"त्यांचं काही चुकलं नव्हतं, आई," मी म्हणाले. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि गाडीत येऊन बसली.

मी पुण्याला निघाले की आबा दर वेळी बॉनेटवर थाप मारून विचारायचे, "भ्या वाटतं का गं?" मी म्हणायचे, "छे!"

मी गिअर टाकला. बॉनेटपाशी कोणी नव्हतं.

"वाटतं, आबा," मी म्हणाले. "दर वेळी वाटायचं."