ताईच्या लग्नाला बोटीवरून गाणी

भोंग्याचं खरं नाव बोटीवर कुणी विचारलंच नाही. पहिल्याच दिवशी तो माईकसमोर इतक्या जोरात बोलला, की खाली यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ कान चोळत वर आला आणि त्याने तिथल्या तिथे बारसं उरकलं. तेव्हापासून किनाऱ्यावरची पोरंसोरंही त्याला याच नावाने ओळखत.

बोट एकेकाळची मालवाहू. आता तिच्या पोटात पोत्यांऐवजी प्रक्षेपणाचं यंत्र होतं, पाठीवर उंच मनोरा होता, आणि देशाच्या सागरी हद्दीच्या जेमतेम पलीकडे नांगर टाकून ती दिवसभर गाणी वाजवायची. जमिनीवर रेडिओ एकच, सरकारी. त्यावर नवी गाणी लागायची ती औषधासारखी, चमचा चमचा. त्यामुळे लोक या चोरट्या केंद्रावर लट्टू झाले होते.

त्याच सरकारी रेडिओवर भोंग्याच्या वडिलांनी उभी हयात बातम्या दिल्या होत्या. मुलालाही त्यांनीच तिथे चिकटवलं होतं. तो नोकरी सोडून बोटीवर गेला तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. बातमी द्यावी तशा आवाजात एवढंच सांगितलं, की या घरात त्या बोटीचा विषय निघणार नाही.

पुढे सरकारने कायदा केला. बोटीवर काम करणारा जमिनीवर उतरला की सरळ आत, आणि बोटीला मालसामान पोचवणाराही आत. परदेशातून येणाऱ्या एका जहाजावर बोटीचं पोट भरू लागलं, पण भोंग्याला घर दुरावलं. नेमकं तेव्हाच मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं.

ही खबर आणली मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. त्याला सगळे काका म्हणत. काका आपली होडी बोटीपासून जरा लांब उभी करून गप्पा मारायचा, कारण ओरडायला कायद्यात बंदी नव्हती. त्याने ओरडून सांगितलं, की ताईने लग्नाचा वाद्यवृंद रद्द केलाय. रविवारी दुपारी सभागृहात रेडिओ लागेल, आणि नाचायची गाणी भावानेच वाजवायची.

"आणि बाबा?" भोंग्याने विचारलं.

काकाने दोन्ही हात वर केले.

भोंगा कप्तानाकडे गेला. दोन तास मागायचे होते, जाहिराती गाळून. कप्तान दाढी खाजवत म्हणाला, की बहिणीचं लग्न काय रोज असतं, अख्खी दुपार घे.

रविवारी समुद्राला नेमकं उधाण. बोट अशी झुलत होती की तबकडीवरची सुई उड्या मारायची. भोंग्याने सुईच्या दांड्यावर नाणं ठेवलं, तरी तेच. शेवटी आचारी खाली फतकल मारून बसला आणि तबकड्या फिरवायचं यंत्र त्याने लहान मुलासारखं मांडीवर घेतलं. त्याचं पोट चांगलं ऐसपैस होतं. धक्के बरेचसे तिथेच जिरत. तरीही अधूनमधून गाणं एक ठेच खायचंच.

भोंगा एकेका नातेवाइकाची थट्टा करत होता, भावोजींना ताईच्या रागाबद्दल सावध करत होता. पण मनात धाकधूक होती. समोर भिंत, भिंतीपलीकडे पाणी. सभागृहात रेडिओ लागलाय की बाबांनी तो बंद करायला लावलाय, कळायला मार्ग नव्हता. एरवी हजारो लोकांशी बिनधास्त बोलणारा तो, आज एका माणसापायी वाक्यावाक्याला अडखळत होता.

तेवढ्यात तंत्रज्ञाने दारातून त्याची कॉलर धरून त्याला डेकवर ओढलं.

किनाऱ्याकडून होड्या येत होत्या. मासेमारीच्या, सहलीच्या, वल्ह्याच्यासुद्धा. पुढच्या होडीत ताई उभी, एका हातात चपला, दुसऱ्याने भावोजींचा खांदा धरलेला. होडीहोडीत रेडिओ, आणि त्यातून त्याचंच गाणं पाण्यावरून त्याच्याकडे परत येत होतं.

हद्दीवर गस्तीची नौका आडवी आली. अधिकाऱ्याने विचारलं, बोटीवर काय माल नेताय. काका शांतपणे म्हणाला, "माल नाही साहेब, वऱ्हाड आहे."

अधिकाऱ्याने कायदा मनातल्या मनात चाळला. त्यात वऱ्हाडाचा उल्लेख नव्हता. त्याने नौका बाजूला घेतली, आणि ती निघताना तिच्यातूनही तेच गाणं ऐकू आलं.

होड्या बोटीला लागल्या. ताई खालूनच सांगू लागली, की सुई उडाली की सभागृहातले सगळे एकदम उडी मारत. लोकांना वाटलं, हा नवा नाच आहे. भोंगा हसता हसता थबकला. काकाच्या होडीत, गळ्यापर्यंत जीवरक्षक जाकीट आवळून, बाबा ताठ बसले होते.

भोंगा कठड्यावरून खाली वाकला. मग बाबांनी मांडीवरच्या रेडिओला कान लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"तबकडी संपलीय," ते ओरडले. "लोक काय खरखर ऐकत बसतील? पळ आधी!"

भोंगा पळाला. पुढचं गाणं लावून वळतो तो शिडी चढून बाबा दारात उभे, धापा टाकत.

"आवाज बसलाय तुझा. गरम पाणी पीत जा," ते म्हणाले. "आणि गेल्या महिन्यात हवामान सांगताना आग्नेय आणि नैर्ऋत्य यांची अदलाबदल केलीस. कोळी भलतीकडे गेले असते म्हणजे?"

भोंग्याने विचारलं, "तुम्ही ऐकता?"

"विषय काढायचा नाही म्हणालो होतो. ऐकायचं नाही, असं कुठे म्हणालो?"

ताई वर आली आणि तिने त्या दोघांनाही एकाच मिठीत घेतलं. डेकवर सगळं वऱ्हाड नाचू लागलं. बोट डोलायची त्या बाजूला सगळे घसरत आणि हसत परत वर येत. तंत्रज्ञाने माईकची वायर लांब करून तो सगळा गोंधळ हवेत सोडला. कप्तान भावोजींच्या आत्याबरोबर नाचला.

बाबांनाही दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. विनापरवाना केंद्रावर आपण बोलत नसतो, असं त्यांनी बजावलं. पण आचाऱ्याला उठवून त्यांनी त्याची जागा घेतली आणि ऊन कलेपर्यंत रुमालाने पुसून एकेक तबकडी मुलाच्या हातात दिली. कुठलं गाणं लावायचं यावरून दोघं प्रत्येक वेळी भांडले.