ड्रॅगनने भाजलेले मांडे

मी एक जुनं खापर आहे. चुलीवर पालथं बसायचं आणि पाठीवर मांडे भाजू द्यायचे, हा माझा उद्योग. मांडा म्हणजे आमच्या खानदेशची मोठी पुरणपोळी, तव्यात न मावणारी. तव्याची तेवढी ऐपतच नाही!

गिरणाकाठच्या कुंभाराने मला घडवलं. भडगावच्या बाजारात भिकुबाईने टिचक्या मारून, आवाज ऐकून मला निवडलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की माझी पाठ दिवसभर थंड होत नसे. पाहुणे मांड्यांचं कौतुक करत आणि भिकुबाई माझं. पुढे घरात गॅस आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

भिकुबाईची सून रत्ना गावच्या अंगणवाडीत शिकवते. यंदा हिवाळ्यात तिने मुलांना ड्रॅगनची गोष्ट सांगायचं ठरवलं. पुठ्ठ्याचं भलंमोठं तोंड केलं, त्याला लाल कागदाच्या ज्वाळा लावल्या. शेवटी राजा ड्रॅगनला मारतो, असा बेत होता. ते तोंड लावून तिने एकदा नुसती डरकाळी फोडली मात्र, चार वर्षांची भाविका रडत घरी पळाली. बिचारी आधीच रडून रडून नुकती कुठे रुळली होती. आता ती अंगणवाडीत पाऊल टाकेना. रत्नाला जेवण गोड लागेना.

"आत्याबाई, गोष्टच नको आते. पोर घाबरी गयी," ती सासूला म्हणाली.

भिकुबाई शेंगा फोडत होती. "घाबरीच ना! त्यानाजोडे आग शे आनि काम काहीच नही. वरतून तुम्ही त्याले मारतस. त्याले कामले लाव!" असं म्हणून तिने थेट माळ्यावर माझ्याकडे बोट दाखवलं.

मला खाली काढलं, पुसलं, तेल चोळलं. मी तर फुशारूनच गेलं!

गोष्ट बदलली. ड्रॅगनच्या पोटात आग असते, म्हणून कुणी त्याच्याजवळ जात नाही. मग एक आजी येते आणि म्हणते, बाबा रे, चल, आपण मांडे करू.

गोष्टीच्या दिवशी अंगणवाडीच्या अंगणात चूल मांडली. चुलीचं तोंड ते ड्रॅगनचं तोंड आणि मी त्याचं डोकं. रत्नाने चुन्याने मला डोळे काढले, त्यातला एक तिरळा झाला. मुलांना तिने रांगोळीच्या रेघेपलीकडे बसवलं. भाविका फाटकातच, आईच्या पदरामागे उभी होती. आज ती परत फिरली, तर पुन्हा येणार नाही, हे रत्नाला कळत होतं. गोष्ट सांगताना ती सारखी फाटकाकडे बघत होती. आणि माझ्या तिरळ्या डोळ्याला तर भाविकाच दिसत होती.

भिकुबाईने पुरण भरलेला गोळा हातांवर घेतला. या हातावरून त्या हातावर झुलवत तिने तो कोपरापर्यंत पसरवला आणि अलगद माझ्यावर टाकला. दोन्ही बाजूंनी मांडा खाली लोंबला.

"देखा देखा, ड्रॅगनले पंख फुटनात!" मुलं ओरडली.

भाविकाने पदर सोडला. एक पाऊल, मग आणखी एक, असं करत ती रेघेपर्यंत आली आणि मुलांमध्ये खाली बसली. तूप घातलेल्या मांड्याचा तुकडा तिच्याही हातात आला. सगळी मुलं मचमच खात होती. ती मात्र तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"बठ्ठासनी खादं," ती रत्नाला म्हणाली. "यानी खादं का?"

भाविकाने तुकडा मोडला आणि अर्धा रेघेच्या अलीकडे, माझ्यासमोर ठेवला.

मित्रांनो, आजवर मी किती मांडे भाजले, त्याची गणती नाही. लग्नं जेवली, लेकी जेवल्या, जावई तर दोनदोनदा जेवले. मला मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला खाली काढा आणि कामाला लावा. आणि काम झाल्यावर एवढं नक्की विचारा, "तू जेवलंस का?"