मागच्याचा निकाल

मामा मला मिरची म्हणतो, आणि उगाच म्हणत नाही. कामावरून आजवर मी जेवढी भांडणं केली, त्यातली निम्मी त्याच्याशीच.

ताजं भांडण तपासणी केंद्राच्या वेबसाइटचं. पेशंटने नंबर टाकला की रिपोर्ट दाखवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मामाने ऐन उमेदीत लिहिलेली. तो रिटायर झाल्यावर वेबसाइट माझ्याकडे आली, पण त्याचा जीव अजून त्या स्क्रिप्टमध्येच. आता सर्व्हर नवा आला आणि दोन वाटा उरल्या. एक तर नव्या सर्व्हरवर स्क्रिप्टच्या जुन्या घराचा, म्हणजे जुन्या सर्व्हरचा, देखावा उभारायचा, म्हणजे स्क्रिप्ट आहे तशी चालते. नाहीतर सर्व्हरच्या स्वतःच्या पद्धतीने सगळं नव्याने लिहायचं. मी नव्याच्या बाजूची. मामा म्हणाला, चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस? केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना झटपट हवं होतं. झालं, देखावा उभा राहिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण काम केलं.

त्याच सुमारास मामाच्या मानेतली गाठ काढून त्याच केंद्रात तपासायला दिली होती. मामीला घास गिळवत नव्हता. एका सकाळी मामाने वेबसाइटच्या त्याच पानावर स्वतःचा नंबर टाकला. वर त्याचं नाव, खाली लिहिलेलं: गाठ साधी, काळजीचं कारण नाही. मामी रडली, मग हसली, मग इतके दिवस जीव टांगणीला लावल्याबद्दल त्याला भरपूर बोलली. मीही फोनवर रडले, खोटं कशाला सांगू.

दुपारी कामासाठी केंद्रात गेले. बोलता बोलता गाठीचा विषय काढला, तर लॅबमधल्या ताई चक्रावल्या. मामाचा नमुना अजून तपासलाच नव्हता. रिपोर्ट उद्या येणार होता. सकाळी मामाच्या आधी पान कोणी उघडलं होतं ते मी शोधलं आणि त्या माणसाचा रिपोर्ट ताईंना विचारून घेतला.

तशीच मामाकडे गेले. मामी स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी हळू आवाजात सांगितलं आणि त्याला सगळं लगेच कळलं. जुन्या घरात त्याची स्क्रिप्ट प्रत्येक माणसासाठी नव्याने जन्मायची आणि काम झालं की मरायची. मागचं पुसायची गरजच नव्हती, म्हणून त्याने ते कधी लिहिलंच नाही. देखाव्यात मात्र ती मरत नाही, पुढच्या माणसाची वाट बघत तशीच बसून राहते. नाव मामाचं आलं, पण त्याचा निकाल अजून कोरा होता, म्हणून आधीच्या माणसाचा तिथे राहून गेला.

मला वाटलं, आता चिडेल.

"आधी ज्याने उघडलं, त्याचा निकाल तरी खरा आहे ना?"

"हो. मी विचारून आले."

"बरं झालं बाई." त्याने चष्मा पुसला.

मी म्हटलं, ती पुसायची ओळ घातली तरी तुझी स्क्रिप्ट चालेल.

"ही एक चूक सापडली. न सापडलेल्या किती असतील? बंद कर ते, मिरचे. नव्याने लिही, मी शेजारी बसतो."

मी केंद्रात फोन करून ते पान बंद करवलं. मामीला मामानेच आत जाऊन सांगितलं. तिचं गुणगुणणं थांबलं. नंतर तीही बाहेर येऊन आमच्यामागे बसली.

अंधार पडायच्या आत नवं पान उभं राहिलं. पहिला नंबर मामाने स्वतःचाच टाकला. वर त्याचं नाव आलं आणि खाली आलं: रिपोर्ट अजून आलेला नाही.

मामीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामा ती ओळ वाचत राहिला.

"आता उद्या जे येईल," तो म्हणाला, "ते माझंच असेल."