धारेचा तास

मला पाहून लोक म्हणतात, हे गिरणीचं जुनं चाक दिसतंय. गिरणीचं चाक म्हणे! मित्रांनो, मी धार लावायचा जुना दगड आहे. सुतारांच्या या सभागृहाच्या मागच्या भिंतीला मला टेकवून ठेवलंय. येणारा-जाणारा माझ्यावर सायकल टेकवतो नि निघून जातो. असो. दोन घटका बसणार असाल तर माझी कथा ऐका.

इंग्लंडातल्या डार्बीशरच्या डोंगरात माझा जन्म झाला. तिथल्या खडकाचा कण खरखरीत, पण एकसारखा, म्हणून पोलादाला तो मानवतो. पाथरवटांनी मला गोल घडवलं, मधोमध भोक पाडलं आणि घोडागाडीत घालून लँकशायरात लॉमॅक्स यांच्या सुतारकारखान्यात पाठवलं. दारं, खिडक्या, जिने, चॅपलचे बाक, सगळं तिथं तयार होई. अंगणात लाकडाच्या वखारीशेजारी मला लोखंडी आसावर बसवलं आणि आसाला मूठ लावली. माथ्यावर पाण्याचं डबडं टांगलं. त्यातून थेंब थेंब पाणी अंगावर पडे, कारण कोरड्या दगडावर पोलाद जळतं आणि जळलेलं पातं कुचकामी होतं. शिवाय माझ्यापाशी एकट्याचं काम नाही. एकानं मूठ फिरवायची आणि दुसऱ्यानं दोन्ही हातांनी पातं धरायचं.

त्या काळी सुताराची हत्यारं त्याची स्वतःची असत. मालकाचं लाकूड आणि मालकाचं छप्पर, एवढंच. काम आटलं की मुकादम येऊन सांगे, ‘शनिवारी सुट्टी तुला.’ सुट्टी म्हणजे कायमची. पण जाण्याआधी त्या माणसाला धारेचा तास मिळे. पगार मालकाचा, दगड मालकाचा, आणि तासभर तो आपली सगळी हत्यारं पाजळून घेई. बोथट पटाशी घेऊन नव्या कारखान्यात गेलेल्या माणसाला पहिल्याच सकाळी परत पाठवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाणाऱ्याचा जिवलग मूठ फिरवायला येई. दोघं हवेवर बोलत, कबुतरांच्या शर्यतीवर बोलत. गेलेल्या कामावर कोणी अवाक्षर काढत नसे. ‘लॉमॅक्सकडच्या दगडाची धार’ असं गावात आदरानं म्हणत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण आतून सुखावे.

तिथं ईनॉक ऑर्मरॉड आणि जेबेझ टॅटरसॉल शेजारशेजारच्या बाकांवर काम करत. जेबेझ ईनॉकच्या बहिणीचा नवरा. बहीण केझाया कापडगिरणीत मागावर होती.

“जेबेझ, या पात्यानं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही,” ईनॉक म्हणे.

“तू पाव आण, लोणी मी बोटानं फासतो,” जेबेझ म्हणे.

ईनॉक सुतारांच्या संघटनेच्या शाखेचा अध्यक्ष होता. वूलपॅक नावाच्या पबच्या माडीवर शाखा भरे. पूर्वी गावोगावी सुतारांचे लहान लहान संघ होते, आणि मालक त्यांना एकेक करून चिरडत. मग ते संघ एकत्र आले. कारखाना जळून हत्यारं गेली तर संघटना नवी हत्यारं देई. कामाच्या शोधात परगावाहून पायी आलेल्याला अंथरूण आणि गरम जेवण देई. ईनॉकला या सगळ्याचा इतका अभिमान होता की त्याच्यापुढे संघटनेला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती.

थोरले लॉमॅक्स वारले आणि धाकट्यांच्या हाती कारभार आला. एके दिवशी ते माझ्यापाशी उभे राहून मुकादमाला म्हणाले, “माणसाला काढायचं, वर त्याची हत्यारं माझ्या खर्चानं पाजळून द्यायची, आणि त्यानं ऐटीत माझ्याच वैऱ्याकडे कामाला जायचं? बंद करा हा तमाशा.”

त्याच दिवशी माझ्या मुठीला साखळी घातली. ईनॉकनं सगळ्यांना अंगणात गोळा केलं. “दगड त्याचा असेल,” तो म्हणाला, “पण तास आपला आहे. आज तास गेला तर उद्या काय काय जाईल, ते मोजत बसाल.” शाखेनं संप पुकारला आणि कारखाना ओस पडला. मी साखळीत जखडून एकटा राहिलो. मला फार वाईट वाटलं.

संप हिवाळ्यात शिरला. संघटनेची मदत येई, पण घरं पुष्कळ होती. जेबेझची लहान मुलगी रूथ छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. कोणी कामावर जाऊ नये म्हणून फाटकापाशी पहाऱ्याला उभ्या असलेल्या ईनॉकला जेबेझनं गाठलं, तेव्हा मी दोघांनाही ऐकत होतो.

“डॉक्टर म्हणतो, खोली उबदार ठेवा. ऊब काय खिशात घेऊन हिंडतो मी?”

“थोडी कळ काढ. मालक वाकत आलाय.”

“मालक वाकेल तेव्हा वाकेल. माझी पोर आत्ता चाललीय.”

ईनॉक म्हणाला, “माझ्या घरातला कोळसा घेऊन जा.”

“तुझ्या घरात कोळसा आहे कुठं? केझाया सगळं बघून आलीय.”

“तू आत गेलास तर माझा मेहुणा म्हणून मला तुला सोडता येणार नाही, जेबेझ.”

“ठाऊक आहे मला,” जेबेझ म्हणाला.

दुसऱ्या सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन फाटकातून आत आला. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. ईनॉकनं त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि मग एकामागोमाग सगळ्यांनी.

रूथ जगली. वसंतात नगरसभागृहाच्या दारांचं मोठं काम आलं आणि मालकाला नमतं घ्यावं लागलं. तास परत मिळाला. ईनॉकनं स्वतःच्या हातानं साखळी काढली आणि मला धुऊन काढलं. सगळे आपापल्या बाकावर परतले. जेबेझ होताच.

त्याला वाळीत टाकलं होतं. शाखेचा ठराव होता, आणि तो ईनॉकनंच मांडला होता: संपफोड्याशी कोणी बोलायचं नाही, कोणी त्याला हात द्यायचा नाही. लाकूड चिकटवायच्या गरम सरसाचं भांडं त्याच्यापाशी येईपर्यंत गार झालेलं असे. तो काही म्हणाला तर सगळे रंधे एकदम जोरात चालू होत. बिचाऱ्याला वाटलं होतं, निदान मालक तरी आठवण ठेवील. पण काम आटलं तेव्हा पहिली सुट्टी त्यालाच मिळाली.

आणि त्याला धारेचा तास मिळाला. दूरच्या बॅरो गावातल्या जहाजकारखान्यात सोमवारी हजर व्हायचं होतं, तिथं तरी टिकणं भाग होतं. तो रंध्याची पाती आणि पटाश्या घेऊन माझ्यापाशी आला आणि थांबला. खिडक्यांतून सगळे पाहत होते. कोणी येईना. अखेर एका हातानं मूठ, एका हातानं पटाशी, असं त्यानं करून पाहिलं. धार तिरपी गेली. मला आसवं असती तर मी रडलो असतो.

तेवढ्यात लाकडी तळांचे बूट वाजवत केझाया अंगणात आली. जेवणाच्या सुट्टीत ती तशीच निघून आली होती. सुतारांच्या अंगणात बाई कधी आली नव्हती. तिनं शाल कमरेला खोचली आणि मूठ धरली. “हं, धर पातं,” ती नवऱ्याला म्हणाली. मागावर घडलेले हात तिचे. मी गरगर फिरू लागलो. पण माथ्यावरचं डबडं कोरडं होतं. ठिणग्या उडाल्या आणि पात्याची कड निळी पडू लागली.

ईनॉक बाहेर आला. आतला एकूण एक रंधा थांबला. त्यानं डबडं काढलं, पंपावर जाऊन भरून आणलं आणि माझ्यावर हळूहळू पाणी ओतू लागला.

“ईनॉक, मूठ धर,” केझाया म्हणाली. “माझ्या गिरणीचा भोंगा होईल आता.”

तो ओतत राहिला.

“बोलायचं नाही असा ठराव आहे ना? बोलू नकोस. नुसती मूठ धर.”

पाणी तिच्या बुटांवर सांडत होतं.

“माझी पोर जगली, याचा एवढा राग आला रे तुला?”

तरी ईनॉकनं मूठ धरली नाही. गिरणीचा भोंगा झाला. केझाया मूठ सोडून निघून गेली. जेबेझनं धारेची आणि बोथट हत्यारं एकाच पोत्यात गुंडाळली. “पाण्याबद्दल आभारी आहे,” तो म्हणाला आणि चालू लागला.

त्या पाण्यावरून शाखेत ईनॉकविरुद्ध तक्रार झाली. संपफोड्याला मदत केली म्हणे! बरीच चर्चा होऊन निकाल लागला, की पाणी दगडाला घातलं, माणसाला नाही. माणसं पोट धरून हसली. एकटा ईनॉक हसला नाही. बॅरोहून केझायानं भावाला कधी ख्यालीखुशाली कळवली नाही.

पुढे विजेवर फिरणारी धारेची चाकं आली आणि मी वखारीमागे रानगवतात पडून राहिलो. कारखाना बंद झाल्यावर संघटनेनं मला इथं आणलं, पितळी पाटी लावली: ‘धारेचा तास सुतारांनी लढून मिळवला.’ त्या समारंभाला म्हाताऱ्या ईनॉकला मानानं आणलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, “लढलो, खरं आहे. मिळवला, तेही खरं आहे. पण ज्याला हा तास सगळ्यात जास्त हवा होता, त्याच्या वेळी मी पाणी ओतत उभा राहिलो. मूठ हाताशी होती.”

मित्रांनो, एकी करा. एकी नसती तर तो तास कायमचा गेला असता, मी साक्षी आहे. ईनॉक चुकला की जेबेझ, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तुम्हीही घाई करू नका. कोणावर रागवायचं तर रागवा, अबोला धरायचा तर धरा. पण पोटासाठी दूर निघालेला माणूस हत्यारं घेऊन एकटा उभा दिसला, तर आधी जाऊन मूठ धरा. भांडण उद्याही करता येतं. तो उद्या तिथं नसतो.