चादरीचा आडोसा

ओव्याच्या डब्याचं झाकण टच्चकन उघडलं आणि पहाटेच्या निवांत घरात राजेश्वरीला जाग आली. कुशीतल्या लेकीच्या, कार्तिकीच्या मुठीतून पदर हळूच सोडवून ती चुलीपाशी गेली, तर सासूबाई भीमाबाई ओवा चावत भिंतीला टेकलेल्या. बाहेर मार्गशीर्षातली थंडी, आणि त्यांच्या कपाळावर घाम.

"आत्या, परत?"

"पित्त गं. जबड्यात कळ येती, पाठीत उतरती. जाईल. तू चूल पेटव. डागदर लोकांच्या भाकरी आपल्याकडं हायेत."

त्या दिवशी गावच्या शाळेत हृदयतपासणीचं मोफत शिबिर होतं. नगरहून डॉक्टर यायचे होते, मशीन यायचं होतं. गावाची रीतच अशी, की पाहुणा कशालाही येवो, त्याच्या ताटात गरम भाकरी पडलीच पाहिजे, आणि ती थापायची आळीतल्या बायांनी. म्हणून पुरुष शाळेत रांगेला बसले आणि बाया चुलीपुढं.

थोड्या वेळानं सासरे वैजनाथ कागदाची पट्टी नाचवत आले. "डागदर म्हणला, नाना, काळीज घोड्याचं हाय!"

"मग टांग्याला जुपा सोताला," भीमाबाई म्हणाल्या. बाया फिसकन हसल्या. भीमाबाईही हसल्या, पण हसता हसता त्यांना धाप लागली आणि अर्धी थापलेली भाकरी परातीतच राहिली.

राजेश्वरी पिठाच्या हातांनी उठली ती थेट शाळेत. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. "आत्ताच आणा त्यांना. बायकांच्या छातीत दुखेलच असं नाही हो. जबडा, पाठ, दम, घाम, असंही येतं. घरोघरी त्याला पित्त म्हणतात."

तिनं सासूबाईंना जवळजवळ ओढतच नेलं. वर्गात बाकं जोडून खाट केलेली. भोवती चुलत दीर, सोसायटीचे चेअरमन, आणखी चार बापे गप्पा हाणत बसलेले.

"पोलकं सोडावं लागंल?" भीमाबाईंनी सुनेच्या कानात विचारलं.

लागणारच होतं. मशीन आलं होतं, गोळ्या आल्या होत्या, पाहुण्यांसाठी हार-नारळही आले होते. एक पडदा तेवढा कुणाला सुचला नव्हता. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, पण खिडक्यांना दारं नव्हती, आणि बाहेर काढलेले नेमके त्याच खिडक्यांशी उभे राहिले.

"मी चादर आणते. हलू नका, आत्या."

"पाव्हण्यांम्होरं तमाशा नको, सूनबाई," मागोमाग आलेले वैजनाथ दारातून गुरगुरले. "पंगत खोळंबलीय."

राजेश्वरी चादर घेऊन धावत आली, तोवर बाकं रिकामी. भीमाबाई चुलीपुढं परतल्या होत्या. "दिराम्होरं उघडी पडू? मरंन, पन ते न्हाई." तिनं हात जोडले, रागावली, चादर दाखवली. भीमाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

जेवताना डॉक्टर म्हणाले, "काकू, आता तरी चला." काकूंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. निघताना डॉक्टरांनी वैजनाथांना बजावलं, "उद्या सकाळी नगरला आणा. अजिबात थांबू नका."

"व्हय, व्हय, आनतो की."

गाडी गेली. "उद्याच नेऊ त्यांना, मामा," राजेश्वरी म्हणाली. वैजनाथांनी तंबाखू मळली. "उद्या बाजार हाय. सोमवारी बघू. बायांना कुटं हार्ट असतंय?"

राजेश्वरीनं नवऱ्याला, कानिफनाथला, नगरजवळच्या नागापूरला फोन लावला. तो कारखान्यातून बोलत होता, मागे मशीनची घरघर. "आईचं पित्त जुनंच हाय. शनिवारी येतो ना मी. मग बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमाबाई धुण्याच्या दगडापाशी मटकन बसल्या. ओकारी झाली. "राजे, हात धर," एवढंच म्हणाल्या. राजेश्वरी अनवाणी रस्त्यावर पळाली. गावातली झाडून सगळी वाहनं बाजाराला गेलेली. शेवटी कांद्याचा एक टेम्पो मिळाला. नगर अजून लांब होतं, तेव्हाच तिच्या मांडीवरचं डोकं जड झालं.

दहाव्याला बाया पुन्हा चुलीपुढं जमल्या.

"सोन्यावानी मरान आलं," रंगुबाई म्हणाल्या. "कुनाला म्हनून तरास दिला न्हाई."

"तेच की. पुण्यवान बाई."

राजेश्वरीनं कार्तिकीची वेणी घालायला घेतली. पोर मघापासून बायांचं बोलणं कान देऊन ऐकत होती.

"आई, आजीनं तुला सांगितलं हुतं ना, दुखतंय म्हणून?"

"हं."

"आन् तू आज्याला सांगितलं. पप्पाला पन सांगितलं."

"सांगितलं गं. मान सरळ ठेव."

कार्तिकीनं मान सरळ ठेवली नाही. वेणी हातातून सुटली, आणि ती वळून आईच्या तोंडाकडं बघायला लागली.

"मग तुला दुखलं, तर तू कुनाला सांगशील?"