आलेखात नसलेली ओल

देवव्रतने कॅरॅव्हॅन घेतली ती विकण्यासाठी. मधली तीन वर्षं ती वापरावी लागणार, एवढीच काय ती अडचण होती, आणि तीही त्याने जवळजवळ टाळली होती.

न्यूझीलंडमधल्या लोअर हट शहरातल्या घरासमोर ही गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली २००४ पासून ताडपत्रीखाली उभी होती. अठरा हजार डॉलरला घेतलेली. देवव्रतने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर घसाऱ्याचा आलेखच काढला होता: लोकांच्या वापरात तीन वर्षांनी अकरा हजार, ‘आपल्या’ वापरात चौदा. आपला वापर म्हणजे गाद्यांवरचं शोरूमचं प्लॅस्टिक काढायचं नाही, शेगडी पेटवायची नाही आणि खिडक्या उघडायच्या नाहीत, धूळ येते. पुण्याला वडिलांच्या स्कूटरच्या सीटवर अकरा वर्षं प्लॅस्टिक होतं आणि ती झकास किमतीला गेली, हा त्याचा पुरावा.

एकदा बायकोने, इरावतीने, हट्टच धरला म्हणून ती सुट्टीत तौपोच्या तळ्याकाठी नेली. तिथे नवरा-बायको आणि लेक कॅरॅव्हॅनशेजारी तंबूत झोपले. शेजारच्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, “आत कुणी आजारी आहे का?”

“नाही हो,” इरावती म्हणाली, “आत रीसेल व्हॅल्यू झोपली आहे.”

२००७च्या नोव्हेंबरात जाहिरात दिली, तेव्हा तिने नवऱ्याला बजावलं, “चौदा आले तर या विषयावर मी जन्मभर गप्प. नाही आले तर हिचं काय करायचं ते मी ठरवणार.”

“चालेल,” देवव्रत म्हणाला. आलेख त्याच्या बाजूने होता.

शनिवारी रॉन नावाचे निवृत्त सुतार बघायला आले. आत पाऊल टाकताच त्यांनी नाक आक्रसलं. गादीवरच्या प्लॅस्टिकचं टोक उचललं. खाली काळी-हिरवी बुरशी मखमलीसारखी पसरली होती. खिडकीखालच्या भिंतीवर अंगठा टेकवला, तर तो आत गेला.

“मेट, ही नदीत पडली होती का?”

“छे! पावसाचा थेंबसुद्धा लागू दिला नाही.”

“वाराही नाही लागू दिलास,” रॉन म्हणाले.

कोंडलेल्या दमट हवेचं थंड भिंतीवर काय होतं, हे देवव्रतला अकरावीपासून पाठ होतं. पण आलेखात वर्षं होती, किलोमीटर होते; ओलीचा रकानाच नव्हता.

“माझी हिच्याहून सहा वर्षं जुनी,” रॉन सांगू लागले. “दोन कुत्री, पाच नातवंडं. दार कधी धड लागलं नाही. गेल्या महिन्यात साडेनऊ हजारांना गेली. हिचे चार हजार देईन.”

“चार? अहो, शेगडीला अजून काडी लावलेली नाही!”

“शेगडीचेच देतोय.”

देवव्रतने घसा खाकरला. “पाच म्हटले तर…”

“विकायची नाही,” इरावती म्हणाली.

“अगं, अजून खाली जाईल!”

“जाऊ दे की. चौदा हजारांच्या कॅरॅव्हॅनमध्ये मला झोपता येत नव्हतं. चार हजारवालीत येईल.” मग ती रॉनकडे वळली. “दुरुस्त होईल का हो?”

“कुजलेलं कापून काढू. दोन आठवडे सगळं उघडं ठेवायचं.”

“म्हणजे ख्रिसमसच्या सुट्टीला तयार. कधी सुरू करता?”

“मोजायची टेप आहे खिशात.”

“थांबा,” देवव्रत कळवळून म्हणाला, “आत जाताना चपला काढायच्या ना?”

रॉन आधीच आत शिरले होते, चिखलाने माखलेल्या रबरी चपलांसकट. त्यांच्या मागोमाग इरावतीही.