रुद्रम्माच्या घराच्या खरेदीला धावलेला टांगा

मित्रांनो, उमरग्यातला सगळ्यांत वेगवान टांगा कोणता होता, हे कुणाही जुन्या माणसाला विचारा. तो टांगा मीच!

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी गोरोबा सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. माझ्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या धावा चढवल्या, तेव्हा सारी गल्ली बघायला जमली होती. माझे मालक हनीफभाई. त्यांनी मला हिरवा रंग दिला, पितळी दिवे लावले आणि बिजली नावाची घोडी जुंपली. नवरदेव, बाळंतिणी, मामलेदार, सगळे माझ्यावर बसले. "टांगा असावा तर हनीफचा," असं कुणी म्हटलं की मी आणखी हलका होऊन पळायचो.

पण माझी खरी धाव झाली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. आपला भाग तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता.

आमच्या गल्लीत अजीजाबी भाड्यानं राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा लालमहंमद समुद्रापलीकडं एडनच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायचा. शेजारी रुद्रम्मा. त्यांना नवरा नव्हता आणि लेक आळंदला दिलेली. पोळ्याला जावई त्यांना कायमचं न्यायला येणार होता, म्हणून त्यांनी घर विकायला काढलं. ते अजीजाबींनाच द्यायचं, असं दोघींचं ठरलं.

पोळ्याच्या बऱ्याच आधी एकदा रजिस्ट्रीच्या कचेरीकडं जाताना दोघी माझ्या मागच्या बैठकीवर बसल्या होत्या.

"अजीजा, तुझ्याच नावानं घे की घर," रुद्रम्मा म्हणाल्या.

"न्हाय अक्का. लोक म्हणत्यात, गेला तो, आता कशाला येतोय. माझ्या लेकराचं नाव गावात असू दे."

आपल्या वतीनं सही करायला लालमहंमदनं आईला मुखत्यार नेमल्याचा कागद टपालानं पाठवला होता. कचेरीची खिडकी रस्त्यावर होती. मी खाली उभा राहून सगळं ऐकत होतो. साहेबांनी कागद वाचला आणि परत दिला.

"आजी, तुमच्या मुलाला घर घेता येतं. तो परदेशात राहत असला तरी आपल्याच देशाचा नागरिक आहे. पण असा कागद तिथल्या आपल्या सरकारच्या वकिलातीत जाऊन करावा लागतो. ह्यावर वकिलातीचा शिक्काच नाही. दुसरा कागद मागवा, नाहीतर त्याला स्वतः येऊ द्या."

अजीजाबींनी त्याच दिवशी तार केली. उत्तर आलं नाही. रोज सोलापूरची मोटार आली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मोटार रिकामी व्हायची आणि त्या आत जायच्या.

पेठेतल्या महारुद्र आडत्याला ते घर गोदामासाठी हवं होतं. त्यानं रुद्रम्मांना गाठलं. "अक्का, देश सोडून गेलेल्याला घर विकलं तर सरकार जप्त करतंय. पाकिस्तानात गेलेल्यांच्या घरांचं काय झालं, बघितलं न्हाय का? उद्या तुमच्या जावयाच्या दारात शिपाई येतील." बिचाऱ्या रुद्रम्मा घाबरल्या. त्यांचं अजीजाबींशी बोलणंच थांबलं.

मग तो दिवस उजाडला. पोळ्याच्या तयारीनं गाव गजबजलं होतं. दुपारी सोलापूरची मोटार आली आणि तीतून एक उंच माणूस लोखंडी पेटी घेऊन उतरला.

"हनीफचाचा, वळखलं न्हाय व्हय?"

"अरं, लालमहंमद! तारंला उत्तर तरी द्यायचंस!"

"उत्तर काय द्यायचं? मीच जहाजात चढलो!"

आम्ही गल्लीत पोचलो, तर अजीजाबी पदर सावरत पळतच आल्या. मुलगा पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"पाया मागनं पड! रुद्रम्मा आत्ताच महारुद्रच्या छकड्यात बसून कचेरीला गेली, त्याला घर लिहून द्यायला. चल!"

मित्रांनो, काय सांगू! हनीफभाईंनी लगाम सैल सोडला आणि बिजली उधळल्यासारखी सुटली. रस्त्यात बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली, पोरं हातात रंगाचे डबे घेऊन उभी. "सरका! सरका!" हनीफभाई ओरडत होते. शिंगांच्या मधून वाट काढत मी पळत होतो. तेवढ्यात माझं डावं चाक डुगडुगलं. आसाची खीळ गळून पडली होती! आणखी थोडं पुढं गेलो असतो, तर चाक निखळून सगळे मातीत पडले असते.

लालमहंमदनं खाली उडी मारली. पेटीतून एक पाना काढला, त्याची दांडी खिळीच्या भोकात घातली आणि दगडानं ठोकून बसवली. "हाणा चाचा!" असं म्हणून तो पायरीवर चढला आणि तसाच लटकत आला.

कचेरीत रुद्रम्मांच्या अंगठ्याला शाई लागली होती. लालमहंमद दारात दिसताच त्यांनी हात मागं घेतला.

"सायेब, खरं सांगा. ह्या पोराला घर इकलं तर सरकार जप्त करतंय का?"

साहेबांनी लालमहंमदचा पासपोर्ट उलटून पाहिला. "हा आपलाच पासपोर्ट आहे. माणूस कामासाठी गेलाय, देश सोडून गेलेला नाही. तो जप्तीचा कायदा ह्याला लागत नाही. पैसे तिकडून बँकेतून आलेत ना?"

"व्हय साहेब."

"मग बिनधास्त घर घ्या."

"आणि अक्कांचं घरामागचं शेत?" लालमहंमदनं आशेनं विचारलं.

"शेत नाही. ते कसणाऱ्यासाठी आहे. एडनमध्ये बसून नांगर कसा धरणार?"

लालमहंमद हिरमुसला. पण रुद्रम्मा म्हणाल्या, "शेत लिंबाजी कसतोय, त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे." मग त्या महारुद्रकडं वळल्या. "मला म्हातारीला भ्या घालतोस व्हय रं?" महारुद्र तडक छकड्यात जाऊन बसला.

अंगठा उमटला. सह्या झाल्या. साहेबांनी लालमहंमदचं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा अजीजाबींनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. परत येताना सगळे माझ्यावरच बसले. रुद्रम्मा हसून म्हणाल्या, "अजीजा, आजपासून मी तुझ्या घरी पाहुणी. जावयाला काय जेवायला घालतीस, बघ."

नंतर गावात मोटारी वाढल्या. बिजली म्हातारी होऊन गेली. हनीफभाईही थकले. आता मी मोटारस्टँडमागं छपराखाली उभा असतो. माझा रंग उडालाय आणि बैठकीत कोंबड्या अंडी घालतात. मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. जुनं झालं म्हणून कुठल्याही कामाच्या वस्तूला मोडीत काढू नका. माझ्या आसाला थोडं तेल द्या, बैठकीवरच्या कोंबड्या हाकला. घोडा नसला म्हणून काय झालं? तुम्ही चारपाच जण दांड्यांना लागलात, तर पेठेपर्यंत मी आजही पळत येईन. चला, कोण येतंय?